दूध कोणासाठी वाहते?

सांख्य दर्शनाच्या ‘सांख्यकारिका’ या ग्रंथातील 57व्या कारिकेत ईश्वरकृष्णाने प्रकृतीच्या प्रवृत्तीसाठी दुधाचा दृष्टांत दिला आहे: दूध अचेतन असूनही वासराच्या वाढीसाठी वाहते, त्याचप्रमाणे अचेतन प्रकृती, म्हणजे जगाचे मूळ जड तत्त्व, पुरुषाच्या, म्हणजे चेतन आत्म्याच्या, मोक्षासाठी प्रवृत्त होते. शंकराचार्यांना हा दृष्टांत मान्य नव्हता. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायावरील भाष्यात ते म्हणतात की गाय चेतन आहे, वासरावरील स्नेहाने तिच्या इच्छेमुळे दूध वाहू लागते आणि वासराच्या चोखण्यानेही ते ओढले जाते. तेव्हा दुधाची साक्ष अचेतनाच्या बाजूने काढता येत नाही. वासरू लुचल्याशिवाय पान्हा न सोडणारी गाय ज्याने सांभाळली आहे, तो शेतकरी या वादात आचार्यांचीच बाजू घेईल. मात्र कासेत दूध किती तयार व्हावे आणि त्यात स्निग्धांश, म्हणजे डेअरीच्या भाषेत फॅट, किती उतरावे, हे केवळ स्नेहावर ठरत नाही.

गाईच्या 14व्या गुणसूत्रावर डीजीएटी1 नावाचे जनुक आहे. जनुक म्हणजे विशिष्ट प्रथिन घडवण्याची कृती साठवणारा डीएनएचा तुकडा. या जनुकापासून घडणारे विकर, म्हणजे एन्झाइम, चरबीचा रेणू तयार होण्याची शेवटची पायरी पार पाडते. त्या विकराच्या साखळीत 232व्या जागी लायसिन हे अमिनो आम्ल असेल तर दुधातील फॅटचे प्रमाण वाढते आणि दुधाची मात्रा घटते, अ‍ॅलॅनिन असेल तर याच्या उलट घडते, असे 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. भारतीय वशिंडाच्या गाईंत जवळजवळ सर्वत्र लायसिनचाच प्रकार सापडतो. अर्थात एका जनुकात सगळे सामावलेले नाही: एकाच जातीच्या गाईगाईंमध्ये दुधाच्या मात्रेत जो फरक पडतो, त्याचा साधारण चौथा ते तिसरा हिस्सा आनुवंशिक असतो, फॅटच्या प्रमाणात हा वाटा निम्म्याच्या आसपास जातो, आणि उरलेला फरक चारा, हवामान, वेत आणि आरोग्य यांचा असतो.

येथे सांख्यांचे निम्मे म्हणणे खरे ठरते, कारण विकराला काही कळत नाही आणि तरीही ते काम करते. पण दृष्टांताचे दुसरे अंग, म्हणजे वासराचे हित, आज टिकत नाही. होल्स्टीन या दुधाळ जातीची गाय वासराच्या गरजेच्या कितीतरी पट दूध देते, आणि हे आधिक्य माणसाच्या निवडीतून आले आहे. म्हणजे आचार्यांना हवा असलेला चेतन प्रवर्तक मिळतो, परंतु तो गाईत नव्हे, तर वळू निवडणाऱ्यात. वळूला दूध नसते. त्याची योग्यता त्याच्या मुलींच्या दुधावरून ठरते, म्हणजे कार्यावरून कारण ओळखण्याचे, न्यायदर्शनाचे अनुयायी ज्याला शेषवत् म्हणतात ते अनुमान येथे रोजच्या व्यवहारात वापरले जाते.

या प्रवर्तकाला मात्र आपण काय निवडतो आहोत हे पुरते ठाऊक नसते. 1962 मध्ये जन्मलेल्या पॉनी फार्म आर्लिंडा चीफ या अमेरिकन होल्स्टीन वळूला सुमारे 16,000 मुली झाल्या, आणि त्या जातीच्या जनुकसंचातील सुमारे 14 टक्के अंश त्याच्याकडून आल्याचे मानले जाते. दुधाचे गुण देणाऱ्या त्याच वारशात एपीएएफ1 या जनुकातील एक घातक बिघाडही होता: आई आणि बाप या दोघांकडूनही तो आला तर गर्भ जगत नाही. त्यामुळे जगभरात पाच लाखांहून अधिक गर्भपात झाले असावेत आणि सुमारे 42 कोटी डॉलरचे नुकसान झाले असावे, असा संशोधकांचा अंदाज आहे. चीफच्या वंशामुळे वाढलेल्या दुधाचे मोल त्यांनी 3,000 कोटी डॉलर धरले आहे. हिशेब नफ्याचाच निघतो, पण तो मांडणाऱ्याच्या वहीत. ईश्वरकृष्णाने ज्याच्यासाठी दूध वाहते असे म्हटले, त्या वासराच्या नावाने त्यात रकाना नाही. जनुकातला हा बिघाड 2011 मध्ये लक्षात आला, आणि तोही एखादे आजारी वासरू पाहून नव्हे, तर हजारो जनावरांच्या डीएनए-तपासणीत गुणसूत्राच्या त्या भागाच्या दोन्ही प्रती सदोष असलेले एकही जिवंत जनावर सापडले नाही म्हणून.