ओरिजिनल टायमर

आमच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये सात जुनी वॉशिंग मशिनं आहेत. त्यातली पाच चालतात. पण त्यांतल्या एकातही घरचे कपडे धुतले जात नाहीत. ते खाली, आईच्या फुल्ली ऑटोमॅटिकमध्ये धुतले जातात आणि ते धुण्याचं काम आई करते. "सात मशिनांचा मालक, आणि स्वतःचा एक बनियन कधी धुतला नाही," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. लोक हसतात, मीही हसतो. गेल्या पावसाळ्यापर्यंत मला त्यात हसण्यासारखंच काहीतरी आहे असं वाटायचं.

हा नाद लागला २०१९ च्या पुरात. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं. पाणी उतरल्यावर आम्ही पोरं घरं साफ करायला जायचो. कोल्हापूरकरांना ते दृश्य आठवत असेल: प्रत्येक गल्लीत दारासमोर ढीग, गाद्या, सोफे, फ्रिज, पुस्तकांचा लगदा. एका घरातून आम्ही एक जुनं सेमी ऑटोमॅटिक मशीन बाहेर काढलं. पुराची खूण बरोबर त्याच्या पॅनेलच्या खाली थांबली होती. रस्त्यावर ठेवल्यावर मी सहज त्याचं बटण फिरवलं, आणि ते टिकटिक करायला लागलं.

वीज नव्हती. अख्ख्या गल्लीत वीज नव्हती. तरी ते चालू होतं. घरमालकांना विचारून मी ते मशीन टेम्पोत घालून घरी आणलं.

ते का चाललं हे सांगतो, कारण पुढची सगळी भानगड त्याच भागाभोवती फिरते. जुन्या सेमी ऑटोमॅटिकचा टायमर म्हणजे किल्लीचं घड्याळ असतं. आपण बटण पंधरावर नेतो तेव्हा वेळ 'सेट' करत नाही, आत एक स्प्रिंग पिळतो. ती स्प्रिंग उलगडताना दातेरी चाकं फिरतात, चाकांबरोबर खाचा असलेली चकती फिरते, आणि त्या खाचांवर पितळी पट्ट्या वरखाली होत वीज जोडतात, तोडतात. मोटरच्या दोन सारख्या वाइंडिंग असतात. कपॅसिटर कधी एकीला जोडला जातो, कधी दुसरीला. म्हणून पाणी आधी उजवीकडे घुसळतं, क्षणभर थांबतं, मग डावीकडे. सगळा प्रोग्रॅम त्या चकतीच्या कडेवर कोरलेला असतो. मी पोटासाठी कोड लिहितो. कडेवर बोट फिरवून वाचता येईल असा कोड मी तोवर पाहिला नव्हता.

मग मी शोधायलाच लागलो. भंगारवाले, घर रिकामं करणारी माणसं, गावाकडची माळवदं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आणि नव्वदच्या दशकात आपल्याकडे मध्यमवर्गीय घरात मशीन आलं: व्हिडिओकॉन, बीपीएल, नॅशनल, सिंगर. अनेक घरांत ते बाथरूममध्ये गेलंच नाही. ते हॉलमध्ये राहिलं, अंगावर क्रोशाचं कव्हर आणि डोक्यावर फुलदाणी घेऊन. उजवीकडच्या पिळायच्या टबाला आपण 'ड्रायर' म्हणायला लागलो, कारण परदेशात असतो तसा गरम हवेचा खराखुरा ड्रायर आपल्या गल्लीत कुणी बघितलाच नव्हता. आपला ड्रायर म्हणजे गच्ची, आणि जुलै-ऑगस्टमध्ये खोलीत बांधलेली दोरी आणि पंखा.

संग्राहकाचे नियम मी इंटरनेटवर शिकलो. पहिला नियम: ओरिजिनल. रंग मारायचा नाही, बटण बदलायचं नाही, दुसऱ्या कंपनीचा भाग घालायचा नाही. अमेरिकेत कोलोराडोमध्ये ली मॅक्सवेल नावाच्या इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या निवृत्त प्राध्यापकानं हजाराहून जास्त वॉशिंग मशिनं जमवली, त्यांचं संग्रहालय केलं. ते वाचून मला आपण एकटे वेडे नाही याचा आनंद झाला होता. आणि इतकं लांब कशाला जायचं? पुण्यात दिनकर केळकरांनी आयुष्यभर अडकित्ते, दिवे, भांडी, दारं जमवली आणि अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं संग्रहालय उभं केलं. राजांच्या तलवारी सगळेच जपतात, या माणसानं सुपारी कातरायची हत्यारं जपली. मग कुणीतरी धुणं धुवायची यंत्रं का जपू नयेत?

माझ्याकडे याचं तत्त्वज्ञानही तयार होतं. मित्र शेडमध्ये आले की मी त्यांना हान्स रोसलिंगची गोष्ट सांगायचो. स्वीडनचा हा डॉक्टर आणि आकडेवारीचा अभ्यासक २०१० च्या एका भाषणात सांगतो: घरात पहिलं मशीन आलं तेव्हा आजीनं खुर्ची मागून घेतली आणि मशीनसमोर बसून धुण्याचा अख्खा प्रोग्रॅम बघितला. जन्मभर हातानं धुतलेल्या बाईला तो चमत्कार होता. धुण्यातून सुटलेला वेळ आईनं वाचनालयात नेला. कुणी फारच भाबडं व्हायला लागलं तर मी रूथ श्वार्ट्झ कोवान या इतिहासकार बाईंचं १९८३ चं पुस्तक काढायचो. त्यांचं म्हणणं असं की यंत्रं आली तरी गृहिणीचे तास फारसे कमी झाले नाहीत, कारण स्वच्छतेची अपेक्षा वाढली आणि आधी धोब्याकडे किंवा मोलकरणीकडे जाणारं काम परत तिच्याच गळ्यात आलं. मग मी म्हणायचो, "ही मशिनं म्हणजे बायकांच्या श्रमाचा इतिहास आहे. मी तो जपतोय."

हे मी म्हणत असताना खाली आई मशीनमधून कपडे काढत असायची.

गेल्या जूनमध्ये मिस्त्रीमामांचा फोन आला. मामा तीस वर्षं मशिनं दुरुस्त करतात. माझी निम्मी मशिनं त्यांनीच मला दाखवलेली.

"इंजिनिअर, तुझ्याकडं ते निळ्या पॅनेलचं मशीन हाय न्हवं? त्याचा वॉश टायमर पायजे हुता. बावड्यात एक गिऱ्हाईक हाय, सेम मॉडेल. कंपनी तर कवाच बंद झाली. कुठंच मिळंना."

निळ्या पॅनेलचं मशीन माझं सगळ्यात लाडकं. पुरातलं तेच ते. त्यात एकही भाग बदललेला नव्हता.

मी म्हणालो, "मामा, तो ओरिजिनल आहे. तो काढला तर मशीनला अर्थच राहत नाही. बाजारातला युनिव्हर्सल टायमर बसवून बघा की."

"बघितला. दांडा बसंना आणि वायरींगचा मेळ लागंना." थोडं थांबून म्हणाले, "बरं. ऱ्हाऊ दे. बघतो कुठं मिळतंय का."

त्यांनी आग्रह केला नाही. मला बरं वाटलं.

तीन आठवड्यांनी मीच त्यांना फोन केला. का, ते लपवत नाही. तेच मॉडेल आहे म्हटल्यावर माझ्या डोक्यात आलं होतं की ते मशीन आता बंदच आहे, तर बाई विकतील. झाकणं, बटणं, मोटर, सगळं सुट्ट्या भागांसाठी मिळेल. मामांनी पत्ता दिला आणि मी कसबा बावड्यात गेलो.

काकू साठीच्या पुढच्या. दार उघडून म्हणाल्या, "या बाळ, मिस्त्रींनी पाठवलं व्हय?" मी मान हलवली. दोन खोल्या. आतल्या खोलीत काका पडून होते, अर्धांगवायू, दोन वर्षं झालेली. बाहेर पाऊस लागून राहिलेला. घरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या आणि दोऱ्यांवर चादरी. दिवसाला दोन, कधी तीन निघतात, काकू म्हणाल्या. मशीनचा ड्रायर चालू होता, धुण्याची बाजू बंद. चादर हातानं धुवायची आणि पिळायला मशीनमध्ये टाकायची. पण ओली डबल चादर बादलीतून उचलून टबात घालायची म्हणजे तीही आधी हातानं थोडी पिळावीच लागते. त्यांच्या उजव्या मनगटाला क्रेप बँडेज होतं.

त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला आणि विचारलं, "आज चालू हुईल न्हवं?"

मी मशीन विकत घ्यायला आलोय हे मला सांगता आलं नाही. मी त्यांचा जळका टायमर काढून घेतला, घरी गेलो, निळ्या मशीनचा टायमर काढला आणि त्याच संध्याकाळी परत येऊन बसवला. पाणी उजवीकडे फिरलं, थांबलं, डावीकडे फिरलं. काकू मशीनशेजारी उभ्या राहिल्या, टबात बघत. खुर्ची मागायला त्यांना वेळ नव्हता, आत काकांनी हाक मारली होती.

इथं गोष्ट संपवली तर मी बरा माणूस ठरतो. म्हणून पुढचं सांगतो.

रात्री मी तो जळका टायमर उघडला. असले टायमर कुणी उघडत नाही, रिबिटांनी बंद असतात, बिघडला की बदलायचा हीच रीत. मी रिबिटी ड्रिलनं काढल्या. स्प्रिंग ठीक, चाकं ठीक. एका पितळी पट्टीचं टोक जळून झडलं होतं, एवढंच. दुसऱ्या दिवशी उद्यमनगरात गेलो. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात एका जुन्या रिलेचा कॉन्टॅक्ट पॉइंट मिळाला, शेजारच्या वर्कशॉपमधून पातळ पट्टीचा तुकडा. पहिली पट्टी जाड झाली, चकतीवर अडकायला लागली. दुसरी बसली. एकूण खर्च चहा धरून दीडशे रुपये. वेळ दोन संध्याकाळी.

म्हणजे हे काम फोन आला त्याच आठवड्यात होऊ शकत होतं. माझा ओरिजिनल टायमर ओरिजिनल जागी राहिला असता आणि काकूंचं मशीनही चाललं असतं. तीन आठवडे, दिवसाला दोन ते तीन चादरी. हा गुणाकार मी बऱ्याचदा केला आहे.

मग चूक नेमकी कुठं झाली, हा प्रश्न मला सोडत नाही.

एक सरळ उत्तर असं: चूक झालीच नाही. वस्तू माझी होती. प्रत्येक गरजूला एकेक भाग देत गेलो तर संग्रह उरणार नाही, आणि पन्नास वर्षांनी कुणाला असं मशीन बघायचं असेल तर काय दाखवणार? हे उत्तर मला फालतू वाटत नाही. केळकरांनीही कुणी अडकित्ता मागायला आलं म्हणून तो देऊन टाकला असता तर आज आपल्याला काय दिसलं असतं? पण त्यांच्या एका अडकित्त्यावाचून कुणाचं पान अडलं नसतं, दुसरा बाजारात मिळत होता. माझ्या शेडमधल्या वस्तूला मी 'जुनी' म्हणत होतो तेव्हा तीच वस्तू बावड्यात रोज सकाळी कामाला लागत होती. वस्तू जुनी झाली हे तिचं काम संपलेल्या माणसानं ठरवलेलं असतं. ज्यांचं काम अजून तिच्यावर चाललंय त्यांना विचारल्याशिवाय तिचं संग्रहालय करणं, यात थोडी घाई आहे.

दुसरं उत्तर जास्त टोचतं. मी दिलं ते बघितल्यावर. फोनवर 'गिऱ्हाईक' होतं तोवर माझा नियम पक्का होता. बँडेज दिसलं आणि नियम विरघळला. म्हणजे माझी नीती माझ्या डोळ्यांच्या पल्ल्याएवढीच आहे का? आणि मी तिथं गेलो होतो ते तर सुटे भाग मिळवायला. मामांनी मला काकांबद्दल का सांगितलं नाही, असं नंतर त्यांना विचारलं. म्हणाले, "तू विचारलं न्हाईस." खरं होतं. मी मॉडेल नंबर विचारला होता.

तिसरी गोष्ट इंजिनिअर म्हणून सांगतो. संग्रह करायच्या आधी मी बंद यंत्र दिसलं की उघडून बघायचो. संग्रह सुरू झाल्यावर भाग दुर्मिळ आहे की नाही तेवढंच बघायला लागलो. 'कुठंच मिळत नाही' हे वाक्य ऐकून माझ्यातल्या मालकाला आनंद झाला आणि इंजिनिअर गप्प बसला. हे घडलं कुठं, तर कोल्हापुरात. परदेशी कॅमेरा परवडत नाही म्हणून आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांनी इथंच कॅमेरा बनवायला घेतला. आनंदराव १९१६ मध्ये गेले, बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून तो पुरा केला आणि त्यातून १९२० चा 'सैरंध्री' निघाला. मिळत नसलेली गोष्ट करून घ्यायची या गावाची सवय जुनी आहे. ती मी जपत नव्हतो, फक्त पत्रे आणि प्लॅस्टिक जपत होतो.

काकूंचा दुरुस्त केलेला टायमर आता निळ्या मशीनमध्ये आहे. संग्राहकाच्या हिशेबानं मशीनची किंमत उतरली. टायमर थोडा पुढेही पळतो, पंधरावर लावला की साडेतेरा मिनिटांत थांबतो. रविवारी सकाळी मी माझे कपडे त्यात धुतो. आईला त्याचं फार कौतुक नाही. "पाणी जास्त घेतंय," एवढंच म्हणाली.

काल मामांचा परत फोन आला. या वेळी मोटर हवी आहे, माझ्याकडच्या एकुलत्या एक मॉडेलची. मी आधी विचारलं, कुणासाठी. मग म्हणालो, "मामा, जळकी मोटर घेऊन या. रिवाइंड करून बघू. नाहीच जमलं तर वर शेडमध्ये आहे."