उरलेलं कोणाचं?

कापसाची वेचणी संपली की उपटलेल्या पऱ्हाट्या मी बांधावर टाकायचो. वेचणीला येणारी म्हातारी मोळ्या बांधून न्यायची. पावसाळाभर तिची चूल त्यावरच. गेल्या साली वीजकेंद्राचा माणूस आला अन् मी सगळ्या विकल्या. ‘इकल्या का जी, भाऊ?’ एवढंच ती बोलली.

केंद्रात पऱ्हाटी जाळून वाफ करतात, वाफेवर चाक फिरतं, वीज होते. चार काड्यांतली जेमतेम एक विजेच्या कामी येते. बाकीची ऊब हवेत. चुलीतही ऊब वाया जातेच. अन् विजेचा दिवा माझ्याही घरी लागतो.

वावर माझं, सौदाही खरा. पण धान्याचा सरवा वेचणाऱ्याला आपण हटकत नाही. मग पऱ्हाटीला वेगळा न्याय का? यंदा निम्म्या बांधावरच ठेवल्या. उपकार नव्हे, तो तिचा सरवा.