थोड्या जमिनीची मिळकत: गृहस्थाश्रमातील एक धर्मप्रश्न

घरालगतची थोडी जमीन कुटुंबाने स्वतः कसावी, त्यातले घरात खावे आणि उरलेले विकून चार पैसे मिळवावेत, हा गृहस्थाचा जुना मार्ग आहे. काही गुंठे भाजीपाला, बांधावर शेवगा आणि लिंबू, गोठ्यात एखादी गाय, खुराड्यात कोंबड्या, आणि आठवडी बाजाराच्या दिवशी डोक्यावर पाटी, असे त्याचे रूप महाराष्ट्रात सर्वत्र दिसते. भारतीय धर्मपरंपरांनी या मिळकतीचा विचार केवळ पोटापाण्याचा विषय म्हणून केला नाही. माती उकरताना जीव मरतात, माल विकताना खोटे शिरते आणि साठा वाढला की लोभ वाढतो, हे तीन आक्षेप त्यांनी गंभीरपणे घेतले. या तिन्हींना उत्तर देणारी मिळकत कोणती, हा येथे मूळ प्रश्न आहे.

पहिला आक्षेप हिंसेचा. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात, लोखंडी फाळाचा नांगर भूमीला आणि भूमीत राहणाऱ्या प्राण्यांना इजा करतो, म्हणून शेती निंद्य ठरवली आहे. काही जण तिला चांगली मानतात, हेही तेथेच नोंदवले आहे. जैन आचारग्रंथांनी श्रावकासाठी वर्ज्य ठरवलेल्या पंधरा उद्योगांत भूमी फोडण्याचे काम येते. तरीही माणसांना शेती शिकवण्याचे श्रेय जैन परंपरा पहिल्या तीर्थंकरांना, ऋषभनाथांना देते, आणि कोल्हापूर-सांगली भागातील जैन समाजात पिढ्यान्‌पिढ्या शेती चालत आली आहे. या ताणाची उकल मनुस्मृतीच्याच तिसऱ्या अध्यायात सापडते. चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा ही गृहस्थाच्या घरातली पाच हिंसास्थाने तेथे सांगितली आहेत आणि त्यांच्या निरसनासाठी पंचमहायज्ञ नेमून दिले आहेत. म्हणजे जगताना काही इजा होणारच. गृहस्थाने ती नाकारू नये, कमीत कमी करावी आणि घेतले त्याची परतफेड करावी. शेतीपुरता याचा अर्थ स्पष्ट आहे. पालापाचोळा, शेण आणि काडीकचरा मातीत परत जाणे ही जमिनीची परतफेड होय. ती चुकवून काढलेले पीक हे मातीवरचे कर्ज ठरते.

दुसरा आक्षेप सत्याचा. व्यापारात खरे आणि खोटे मिसळलेले असते, अशी प्राचीन स्मृतिकारांची धारणा होती. बुद्धांनी उपासकासाठी पाच व्यापार वर्ज्य सांगितले: शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष. धान्य, भाजी किंवा दूध विकणे त्यांत येत नाही. वारकरी परंपरेत तर बाजाराशी वैर नाही. तुकोबांच्या घरी वाण्याचा व्यवसाय होता. वडिलोपार्जित कर्जखतांतला आपला वाटा त्यांनी इंद्रायणीत बुडवला, पण सचोटीने धन मिळवणे त्यांच्या शिकवणीत निषिद्ध नाही. आजच्या छोट्या शेतकऱ्यापुढे सत्याची कसोटी एका रोजच्या प्रसंगात उभी राहते. बाजारासाठीच्या वांग्यांवर वारंवार औषध फवारायचे आणि घरच्यांसाठी बिनफवारणीचा वेगळा वाफा राखायचा, अशी पद्धत अनेक ठिकाणी आहे. आपल्या मुलाच्या ताटात जे वाढणार नाही ते दुसऱ्याच्या मुलासाठी विकणे, हे माप बरोबर असले तरी असत्यच आहे. दुधात पाणी घालण्याइतकेच ते गंभीर आहे.

तिसरा आक्षेप मर्यादेचा. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात धान्य साठवण्यावरून ब्राह्मण गृहस्थांचे चार प्रकार केले आहेत. कोठारभर साठवणाऱ्यापासून उद्यासाठी काहीच न ठेवणाऱ्यापर्यंत ही उतरंड जाते आणि कमी साठवणाऱ्याला अधिक श्रेष्ठ मानते. जैन गृहस्थ परिग्रहपरिमाणाचे व्रत घेतो, तेव्हा शेत, घर, सोने, धान्य यांची सीमा स्वतःच ठरवतो. पाली त्रिपिटकातील सिगालोवाद सुत्त अधिक व्यवहारी आहे. मिळकतीचा एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यासाठी आणि चौथा अडचणीच्या दिवसांसाठी, अशी वाटणी ते सुचवते. अल्पभूधारक कुटुंबाला हा सल्ला पेलणारा आहे. पावसाने दगा दिला की सावकाराच्या दारी जावे लागू नये, एवढी शिल्लक हा लोभ नव्हे.

या विचारांना जगण्याचे रूप सोलापूर जिल्ह्यातील अरणच्या सावता माळी यांनी तेराव्या शतकात दिले. ते पंढरीच्या वाटेला न लागता आपल्या मळ्यातच राबत राहिले, आणि विठ्ठल स्वतः त्यांच्या भेटीस आला, असे परंपरा सांगते. मळ्यातल्या भाजीत आणि विहिरीवरच्या मोटेत त्यांना देव दिसला. भक्तीसाठी कष्ट सोडावे लागत नाहीत, हा त्यांचा सिद्धान्त कसणाऱ्या गृहस्थाला प्रतिष्ठा देणारा आहे.

विसाव्या शतकात विनोबा भावे यांनी पवनार आश्रमात कांचनमुक्तीचा प्रयोग केला. पैशावर विसंबणे सोडून श्रमातून अन्न मिळवायचे आणि बैलांवाचून, हातांनी ऋषिशेती करायची, असा तो आग्रह होता. आश्रमाला ते साधण्यासारखे होते. पण शाळेची फी, औषधे आणि वीजबिल रोखीने भरणाऱ्या कुटुंबाला पैसा टाळता येत नाही. श्री. अ. दाभोलकरांनी प्रयोग परिवारातून दहा गुंठ्यांचा, म्हणजे सुमारे एक हजार चौरस मीटरचा विचार मांडला. ऊन, पाणी आणि जैवभार यांचा अभ्यासपूर्वक मेळ घातला तर तेवढ्या जागेवर पाच जणांचे कुटुंब समाधानाने जगू शकते, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यातून मर्यादेला नवा आशय मिळतो. जमीन थोडी असली तरी ज्ञानाने तिचे देणे वाढते.

या सर्वांतून निष्पन्न होते ते वाट्यांच्या क्रमाचे तत्त्व. पहिला वाटा मातीचा, दुसरा घरातल्या ताटांचा, तिसरा शेजारी, पाहुणा आणि गरजवंत यांचा, आणि त्यानंतर बाजाराचा. घरची मुले कोऱ्या चहावर आणि सगळे दूध डेअरीत, अशी अवस्था आली की क्रम उलटला असे समजावे. कुटुंबातही न्याय हवा. निंदणी, खुरपणी, धारा काढणे आणि बाजारात बसणे ही कामे मुख्यतः स्त्रिया करतात, तर सातबारा बहुधा पुरुषाच्या नावावर असतो. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेने जमिनीचा हिस्सा पत्नीच्या नावे करण्याचे आवाहन केले, ते या अन्यायावर बोट ठेवूनच.

मात्र क्रम उलटण्याचा दोष नेहमी शेतकऱ्याचाच नसतो. कर्ज आणि पडलेला भाव यांत सापडलेल्या कुटुंबाला उरलेले विकण्याची चैन नसते. ते आधी विकते आणि उरले तर खाते. म्हणून या मिळकतीचा धर्म विकत घेणाऱ्यालाही बांधतो. पाच रुपयांच्या जुडीवर घासाघीस करणारा ग्राहक आणि कष्टाचा भाव न देणारी व्यवस्था, दोघेही या हिंसेत सहभागी आहेत. माती, माणूस आणि माप या तिन्हींशी इमान राखून मिळवलेला आणि दुसऱ्यानेही रास्त मोलाने दिलेला पैसा गृहस्थाश्रमाला कमीपणा आणत नाही. तो त्या आश्रमाचा आधार आहे.