एका फेरीत काय मोक्ष हवा होता?

अकोल्याला मानसशास्त्रज्ञाकडे एकदा जाऊन आलास. पाऊण तास बसलास. आणि माझ्यापाशी येऊन निकाल देऊन मोकळा झालास, "काही नसते सर त्याच्यात. नुसते विचारत बसतात. साधी गोळीबी नाही देल्ली."

अरे लेका, मानसशास्त्रज्ञाकडे गोळी नसतेच. गोळी मनोविकारतज्ज्ञ देतात, ते एमडी डॉक्टर. मानसशास्त्रज्ञ बोलून उपचार करतात. कुणाला एक लागतं, कुणाला दुसरं, कुणाला दोन्ही. आपण कुणाकडे चाललो एवढं विचारायचेही कष्ट तू घेतले नाहीस. बीएस्सी ॲग्री झालेला माणूस तू!

आणि विचारतात याचा राग? तुझ्या कृषी केंद्रात शेतकरी येतो, "कपाशी लाल पडली, औषध द्या" म्हणतो. तू काय करतोस? पेरणी कधी केली, पाणी किती दिलं, मागची फवारणी कशाची, पान आणलं का? पान न आणता औषध मागणाऱ्याला सगळ्यांदेखत झापतोस. मग तू काय पान घेऊन गेला होतास?

फॉर्मवर 'त्रास' या रकान्यात काय लिहिलंस? 'ॲसिडिटी, झोप कमी.' वा! रात्री दोनला उठून अंगणात येरझारा घालतोस, ते कुठं गेलं? पोराच्या अंगावर विनाकारण धावून जातोस, ते? दुकानाचं शटर वर करायचं म्हटलं की छातीत धडधडतं, ते? यातलं एक अक्षर बोलला नाहीस. खरं ते पोटात ठेवून आलास आणि वर म्हणतोस, त्यांना काही समजलं नाही. त्यांच्या अंगात काय देव येतो?

पहिली बैठक अशीच असते. झोप, भूक, घर, दारू, जुनं आजारपण. जीव द्यावासा वाटतो का, हेही ते सरळ विचारतील. बिचकू नकोस. असं विचारल्याने कुणाच्या डोक्यात ते खूळ शिरत नाही. खरं असेल ते सांग. रात्री-अपरात्री तसा विचार आला तर सकाळची वाट पाहू नकोस, 14416 लाव. टेलि-मानस, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. हे मी विनवून सांगत नाही, बजावतो आहे.

"लोक पाहतील सर." कोण लोक? आपल्या मूर्तिजापूरच्या स्टेशनावर "कुठं निघाले भाऊ?" विचारणारा कुणीतरी भेटतोच, मान्य. सांग, कामाला चाललो. खोटं आहे का ते? आत बोललेलं बाहेर जात नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने तो तुझा हक्क आहे. अपवाद मोजके, जसं कुणाच्या जिवावर बेतणार असेल तर. तुझं गुपित फुटायचंच असेल तर ते पानठेल्यावर तुझ्याच तोंडून फुटेल.

"पैसे लागतात." अकोल्याच्या सरकारी सर्वोपचार रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. गेलास कधी? नाही. मग पैशाचं नाव कशाला पुढं करतोस?

शेजारच्या अमरावती जिल्ह्यात 30 गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावच्या पातळीवर तयार केलेले कार्यकर्ते लोकांशी या विषयावर बोलत होते. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरातले 4.3 जणच मदत घेत होते. दीड वर्षात ते 27.2 झाले. 2017 मध्ये 'लॅन्सेट सायकिॲट्री'त छापून आलं. खेड्यातली, शेतीवर जगणारी माणसं बोलती झाली, आणि तुझीच वाचा बसली काय?

गोव्यात 'संगत' संस्थेने नैराश्यासाठी बोलण्याचा एक उपचार बसवला. तो छोटा समजतात. किती छोटा? 6 ते 8 बैठका. तुला एकीतच चमत्कार हवा! ज्या गाडगेबाबांचं बालपण आपल्याच तालुक्यात, दापुऱ्याला गेलं, ते कीर्तनात सांगायचे कमी आणि विचारायचे जास्त. उत्तर समोरच्यानेच द्यायचं. ते ऐकताना माना डोलावता. तुझ्याच आयुष्याबद्दल कुणी विचारलं की नुसते विचारतात!

पुढे काय होईल तेही ऐकून ठेव. नेमकं काय बदलायचं ते दोघं मिळून ठरवाल. एखाद्या बैठकीनंतर हलकं वाटणार नाही, उलट दोन दिवस जड जातील. जुनं उकरलं की होतं तसं. तेव्हाच तू पळ काढशील, मी तुला शाळेपासून ओळखतो. गणित अडलं की तुझं पोट दुखायचं. माणूस पटला नाही तर तोंडावर सांग, तीन-चार बैठकांनंतरही जमलं नाही तर दुसरा गाठ. न सांगता फोन उचलायचा बंद करणं याला मी तुझ्या वयात भित्रेपणा म्हणतो. गोळ्या सुरू झाल्या तर बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.

आणि गृहपाठ. हो, तिथंही असतो. कोणत्या वेळी घाबरायला झालं, त्याआधी डोक्यात काय आलं, तेव्हा काय केलंस, ते लिहून आणायला सांगितलं होतं ना? वही पाहिली मी. पहिल्या पानावर तारीख आणि खाली युरियाचा हिशेब.

पुढची वेळ आजच घे. तोवर लिहिता आलं तर लिही. नाही जमलं तर तीच वही युरियासकट घेऊन जा. का लिहिलं नाही, हे ते विचारतील. या खेपेला ॲसिडिटी सांगू नकोस.