स्थळ सुचवणाऱ्याचा धर्म

गेल्या फाल्गुनातली गोष्ट. माझी भाची एका संध्याकाळी आली आणि हातातला चहाचा कप खाली ठेवण्यापूर्वीच म्हणाली, "मामा, तुमची ती निळी वही द्या बरं. आम्ही इटलीला निघालोय. आम्ही दोघं आणि सासूबाई. चित्रं, पुतळे, देवळं बघूच. पण खरं जायचं ते जेवायला!"

काशीयात्रेला जाणारी माणसे मी पाहिली आहेत, हवापालटासाठी जाणारी पाहिली आहेत; पण केवळ जेवणासाठी इतक्या दूर निघालेली माणसे आमच्या घराण्यात ही पहिलीच. मला त्याचे कौतुकच वाटले. माझी मुलगी नोकरीनिमित्त बोलोन्या शहरात काही वर्षे होती आणि त्या काळात आम्ही उभयता तीनदा तिच्याकडे जाऊन राहिलो होतो. जेथे जेवण मनासारखे झाले तेथला पत्ता निळ्या वहीत टिपून ठेवायचा, हा माझा तेव्हाचा नेम. असे वीस-बावीस पत्ते त्या वहीत आहेत. मी वही काढली, चष्मा लावला आणि भाचीला एकेक पत्ता वाचून दाखवू लागलो. पाचव्या पानावर मात्र माझी जीभ अडली. ते पान मी गुपचूप उलटले आणि पुढचे वाचू लागलो.

भाची चाणाक्ष आहे. तिने पाहिले, पण ती काही बोलली नाही. ती गेल्यावर मात्र माझे मन मला खाऊ लागले. हा काय प्रकार झाला? सख्ख्या बहिणीच्या मुलीला चांगले जेवण कुठे मिळते ते सांगताना मामाने हात आखडता घ्यावा? यापेक्षा कोता मनुष्य तो कोणता?

पण नुसता कोतेपणा म्हणून हा प्रश्न मिटेना. आपल्या भाषेत 'स्थळ सुचवणे' असा एक शब्दप्रयोग आहे. लग्नाच्या मुलामुलीसाठी आपण स्थळ सुचवतो तेव्हा मुलीकडच्यांना नुसता एक पत्ता देत नाही. आपला शब्दही देतो. उद्या काही बिनसले तर दोन्हीकडची मंडळी आपल्याच दारात येणार, हे ठाऊक असून देतो. खाण्याचे स्थळ सुचवणेही काहीसे असेच आहे, असे मला वाटू लागले आहे. तेथेही दोन पक्ष असतात. एक जाणाऱ्यांचा आणि एक त्यांना जेवू घालणाऱ्यांचा. मधल्या माणसाचे दोघांशीही देणे लागते. आणि माझ्या हातून या दोन्ही पक्षांचा एकेकदा अपराध घडलेला आहे.

पहिला अपराध जाणाऱ्यांचा. माझे एक जुने स्नेही सपत्नीक इटलीला गेले होते. वहिनींचा चातुर्मास चालू होता. मांसाहाराचा तर त्यांना आयुष्यभर विटाळच. मी त्यांना मोठ्या अधिकाराने सांगितले, "बोलोन्यात तोर्तेलोनी मागा. कणकेच्या पातळ पारीत मऊसूत रिकोता चीज भरलेले असते, वरून लोणी आणि किसलेले पार्मिजानो. निर्धास्त खा." ती दोघे गेली, त्यांनी ते खाल्ले, मला आनंदाचे पत्रही पाठवले. पुढे वर्षभराने मला कळले की पार्मिजानो चीज करताना दूध विरजण्यासाठी वासराच्या जठरातून काढलेले द्रव्य वापरतात, आणि तसा त्या चीजचा नियमच आहे. मी स्नेह्यांना ते सांगितले. न सांगून चालण्यासारखे होते. कोणाला काही कळणार नव्हते. पण सांगितले. ते रागावले नाहीत. थोडा वेळ गप्प राहून एवढेच म्हणाले, "तू सांगितलंस, म्हणून आम्ही तिथे कुणाला विचारलं नाही."

हे वाक्य मी विसरलेलो नाही. शिफारस म्हणजे काय, हे मला त्या वाक्याने शिकवले. आपण शिफारस करतो तेव्हा समोरच्याला काही देतो, तसे त्याचे काही काढूनही घेतो. त्याची सावधगिरी काढून घेतो. तो आपल्या डोळ्यांनी पाहणार होता, तो आता आमच्या डोळ्यांनी पाहतो. मग ते डोळे तरी उघडे असावेत की नाही?

दुसरा अपराध जेवू घालणाऱ्यांचा. वहीच्या पाचव्या पानावर जी जागा आहे ती बोलोन्यातली एक लहानशी खानावळ. तिकडे तिला 'त्रात्तोरिया' म्हणतात. पण मला 'खानावळ' हाच शब्द योग्य वाटतो. बोलोन्यात रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना कमानींच्या पडव्या आहेत. जुन्या शहरातच त्यांची लांबी सुमारे ३८ किलोमीटर भरते. पावसात छत्री न उघडता माणूस गावभर हिंडतो. अशाच एका पडवीत ही खानावळ. टेबले सात. सकाळी आत डोकावले तर एक आजीबाई हातभराहून लांब लाटण्याने अंड्याच्या पिठाची पोळी लाटताना दिसत. घडी घातलेल्या धोतरासारखी ती पोळी दुमडून तिच्या पट्ट्या कापल्या की झाली ताल्यातेल्ले. या पट्टीची रुंदी शिजल्यावर ८ मिलिमीटर असावी, असे १९७२ साली तेथल्या व्यापारी मंडळाच्या दप्तरी रीतसर नोंदवून ठेवले आहे, यावरून त्या गावाची अन्नावरची निष्ठा कळावी. दाराजवळच्या टेबलाशी एक वृद्ध गृहस्थ रोज दुपारी एकटे जेवत. आपल्या जुन्या खानावळींत महिन्याचे 'मेंबर' असत ना, त्यांतलेच. त्यांना कोणी काय हवे म्हणून विचारीत नसे. ते बसले की सूप येई.

त्या खानावळीचे वर्णन मी एका स्नेहसंमेलनात रंगून केले. टाळ्या पडल्या. वीस-पंचवीस जणांनी तिथल्या तिथे पत्ता टिपून घेतला. खरे सांगायचे तर त्या टाळ्यांसाठीच मी ते वर्णन केले होते. भुकेल्यांच्या कळवळ्याने नव्हे, तर 'मला किती बारीकसारीक ठाऊक आहे' हे दाखवण्याच्या हौसेने. दोन वर्षांनी पुन्हा तेथे गेलो तर दारात रांग होती. भिंतीवर पदार्थांची रंगीत चित्रे लागली होती. दाराजवळच्या टेबलाशी चार तरुण पाहुणे फोनवर ताटाचे छायाचित्र घेत होते. वृद्ध गृहस्थ दिसले नाहीत.

हा सारा पालट माझ्या एका भाषणाने झाला नाही, इतके मला कळते. पण थेंबे थेंबे तळे साचते, ही म्हण काय फक्त पुण्यालाच लागू आहे?

विद्या दिल्याने वाढते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. स्वयंपाकाच्या विद्येबाबत तर इटलीत याचा लखलखीत दाखला आहे. पेल्लेग्रिनो आर्तुझी नावाच्या गृहस्थाने १८९१ साली फिरेंझे शहरात पदरचे पैसे घालून पाककृतींचे एक पुस्तक छापले. पहिल्या आवृत्तीत ४७५ कृती होत्या. देशभरातल्या गृहिणींची पत्रे येत गेली, कोणी चूक दाखवली, कोणी आपल्या घरची रीत कळवली, आणि १९११ साली आर्तुझी वारले त्या सुमारास पुस्तकात ७९० कृती झाल्या होत्या. देताना विद्या वाढली, कोणाच्याही घरचे काही कमी झाले नाही. पण पत्ता ही काही नुसती विद्या नव्हे. पत्ता शंभरांना ठाऊक झाला तरी टेबले सातच राहतात. सांगणाऱ्याच्या तोंडी जी विद्या असते, ती ऐकणाऱ्याच्या पायांबरोबर त्या दारात पोचली की तिची खुर्ची होते. आणि खुर्ची एकाला दिली की दुसऱ्याला उभे राहावे लागते.

फिरेंझे शहरातच पाहा ना. तेथील एका अरुंद गल्लीत पावात भरून मिळणाऱ्या खाण्याची कीर्ती इतकी पसरली की लोक रस्त्याच्या कडेला, दुसऱ्यांच्या उंबऱ्यावर बसून खाऊ लागले. अखेर २०१८ साली नगराध्यक्षांना त्या गल्लीत आणि आसपास जेवणाच्या वेळी पदपथावर बसून किंवा उभ्याने खाण्यास बंदी घालावी लागली. दंड ५०० युरोपर्यंत. वेनेत्सियाच्या जुन्या बेटांवर १९५१ साली पावणेदोन लाख माणसे राहत होती. २०२२ साली ती पन्नास हजारांच्याही खाली आली. त्याला कारणे अनेक. पण ज्या गावात राहणाऱ्यांपेक्षा पाहणारे अधिक, तेथे किराणाचे दुकान जाते आणि मुखवट्यांचे दुकान येते, हे त्यांतले एक खरेच.

मग सांगूच नये काय? येथे माझी दुसरी बाजू उभी राहते. १९८६ साली रोममध्ये एका अमेरिकन खाद्यगृहाने ऐन स्पॅनिश पायऱ्यांजवळ शाखा उघडली, तेव्हा त्या निषेधातून जी मंडळी एकत्र आली, त्यांतूनच पुढे 'स्लो फूड' ही चळवळ उभी राहिली. या मंडळींनी नुसत्या घोषणा दिल्या नाहीत. १९९० साली त्यांनी साध्या, स्वस्त, गावच्या रीतीने रांधणाऱ्या जागांची एक मार्गदर्शिका छापली आणि ती वर्षानुवर्षे काढीत राहिली. न सांगितल्याने जागा टिकत नाहीत, त्या मुकाट्याने बंद होतात, हे त्यांना ठाऊक होते.

आणि ते मला खुद्द त्या खानावळीच्या मालकीणबाईंनीच ऐकवले. त्या दिवशी रांग सरल्यावर मी मुलीच्या मदतीने, मोडक्यातोडक्या भाषेत, त्यांच्यापाशी माझा अपराध कबूल केला. त्या मोठ्याने हसल्या. म्हणाल्या, "तुम्ही येण्याआधीच्या हिवाळ्यात आम्ही दुकान विकायला काढलं होतं. रिकाम्या खुर्च्यांचं भाडं कोण भरणार?" आणि ते वृद्ध गृहस्थ? "ते आता बाराला येतात. आम्ही दार उघडण्याआधी."

माझा पश्चात्ताप जरा हलका झाला, हे कबूल करतो. पण साफ गेला नाही. कारण बाराला जेवायची वेळ त्या म्हाताऱ्याने निवडली नव्हती. ती त्याच्यावर आली होती.

याच घोळात असताना मला नापोली शहराची एक रीत आठवली. तेथे कॉफीच्या दुकानात एखादा मनुष्य एक कॉफी पितो आणि पैसे दोन कॉफींचे देऊन जातो. ही दुसरी कॉफी 'टांगलेली' राहते. मागाहून कोणी गरजू येतो, टांगलेली कॉफी आहे का म्हणून विचारतो आणि पिऊन जातो. देणाऱ्याने घेणाऱ्याचे तोंड पाहिलेले नसते. प्रथम मला वाटले, शिफारसही अशीच असावी. अनोळख्याला, मोकळ्या हाताने. पण विचार करता दोहोंतला भेद दिसला. टांगलेल्या कॉफीचे पैसे देणाऱ्याच्या खिशातून जातात. पत्ता वाटणाऱ्याच्या खिशातून काहीच जात नाही. जे द्यावे लागते ते त्या सात टेबलांना आणि दाराजवळच्या म्हाताऱ्याला. आपल्या पदरचे खुशाल अनोळख्याला द्यावे. दुसऱ्याच्या ओसरीवरचे देताना मात्र घेणाऱ्याची ओळख असावी. मला जो काही निर्णय सापडला तो एवढाच.

भाचीला मी ओळखतो. म्हणून दुसऱ्या दिवशी तिला पाचवे पान उतरवून दिले, आणि बरोबर एक लांबलचक पत्र. त्यात लिहिले: सासूबाईंसाठी प्रत्येक ठिकाणी चीज आणि सुपाचे पाणी कशाचे ते स्वतः विचारा, मामावर विसंबू नका. जेनोव्हाला गेलात तर फारिनाता खा. हरभऱ्याचे पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचे तेल, मोठ्या तांब्याच्या परातीत भट्टीत भाजलेले. सासूबाईंना आपले धिरडेच भेटल्यासारखे वाटेल. ज्या गावचे जे, ते तेथेच मागा. बिलात माणशी 'कोपेर्तो' लावतात, तो पावाचा आणि बैठकीचा आकार असतो. फसवले म्हणून भांडू नका. दारात उभे राहून जो हात धरून आत ओढतो, त्याच्याकडे जाऊ नका. आणि शेवटी: बोलोन्याच्या त्या खानावळीत जायचे तर आधी कळवून, आडवारी जा, एक वाजता दाराजवळच्या टेबलावर बसू नका. ते जरी रिकामे दिसले तरी.

वाचकहो, तो पत्ता मी येथे छापलेला नाही, हे तुमच्या लक्षात आलेच असेल. राग मानू नका. हा अंक किती घरांत जाईल मला ठाऊक नाही, आणि तितक्यांचा जामीन राहण्याइतके माझे हात लांब नाहीत. कोणी घरी आलात, चार शब्द बोललात, तर वही कपाटातच आहे.

ज्येष्ठात मंडळी परतली. भाचीने पेढ्यांऐवजी चीजचा एक तुकडा आणला. हे चीज शाकाहारी आहे, अशी खात्री सासूबाईंनी स्वतः दुकानात करून घेतली होती. मग तिने वही मागितली आणि एका कोऱ्या पानावर आपल्या अक्षरात जेनोव्हाचा एक पत्ता लिहिला. खाली लिहिले, "दोन बाकडी आणि एक भट्टी. मामा, कुणाला सांगायचं असेल तर आधी मला विचारा."

मी मान डोलावली. पण आठवड्याभरातच शेजारचे जोशी म्हणाले, की दिवाळीनंतर त्यांचा मुलगा इटलीला जाणार आहे, आणि तुमच्याकडे एक वही आहे म्हणे. मुलगा चांगला आहे. पण जेवताना फार मोठ्याने बोलतो. मी अजून विचार करतो आहे.