जात, लिंगभाव आणि इतिहासाचा अभ्यास

जात आणि लिंगभाव यांचा इतिहास एकत्र अभ्यासणे ही अमेरिकी विद्यापीठांतून आलेली फॅशन आहे, असा आक्षेप अलीकडे वारंवार घेतला जातो. तो कालक्रमावरच कोसळतो. वंश आणि लिंगभाव यांची सांगड घालणारा किंबर्ली क्रेनशॉ यांचा गाजलेला लेख १९८९चा. त्याच वर्षी मुंबईत उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ प्रसिद्ध झाले. मूळ विचार तर त्याहून बराच जुना आहे.

मुक्ता साळवे यांचा १८५५चा निबंध, जोतीराव फुले यांची १८७३ची ‘गुलामगिरी’ आणि ताराबाई शिंदे यांची १८८२ची ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे टप्पे परिचित आहेत. रानडे, आगरकर, कर्वे यांच्या काळात बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर वाद पेटले. पण त्या वादांत या प्रथा बहुधा अनिष्ट रूढी म्हणून आल्या आणि जातीचा प्रश्न निराळा राहिला.

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातील मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात आंबेडकरांनी वाचलेल्या निबंधाने ही फारकत मोडली. त्यातले सती, वैधव्य आणि बालविवाह यांचे विवेचन आजही जातीच्या दुष्परिणामांची यादी म्हणून वाचले जाते. युक्तिवाद नेमका उलट दिशेचा आहे. जात टिकते ती जातीतच लग्न करण्याच्या बंधनावर. त्यासाठी गटातील विवाहयोग्य स्त्री-पुरुषांची संख्या जुळती राहावी लागते. नवरा आधी वारला तर मागे राहिलेली स्त्री ‘अतिरिक्त’ ठरते. ती गटाबाहेर लग्न करील किंवा गटातीलच दुसरीच्या वाट्याचा नवरा घेईल. म्हणून तिला चितेवर चढवायचे, नाही तर आजन्म विधवा ठेवायचे. विधुराला मात्र गट गमावू इच्छित नाही. त्याच्यासाठी लग्नाच्या वयात न आलेली मुलगी आणली जाते. तिन्ही प्रथा जात राखण्याची साधने ठरतात. स्त्रीच्या विवाहावरील ताबा वगळला तर जातीच्या उगमाचे स्पष्टीकरणच उरत नाही. या मांडणीत एक उणीव आहे: स्त्री येथे गणितातील संख्या म्हणून येते, कर्ती म्हणून नाही.

मुंबई विद्यापीठातील अभ्यास दुसऱ्या वाटेने गेला. गो. स. घुर्ये यांनी १९३२च्या ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’मध्ये जातीची सहा लक्षणे दिली, विवाहबंधन त्यांत सहावे. ग्रंथाच्या नावातच वंश होता. आंबेडकरांनी १९३६ आणि १९४८ मध्ये जातीची आणि अस्पृश्यतेची वांशिक उपपत्ती नाकारली. म्हणून जात म्हणजे भारतीय वंशभेद, हे सोपे समीकरणही टिकत नाही.

एसएनडीटी महिला विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये स्त्री-अभ्यासाचे केंद्र सुरू झाले. तरीही १९१६ची उणीव भरून काढली ती विद्यापीठाबाहेर झालेल्या कामाने. पवार आणि मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना शोधून त्यांच्या मुलाखती घेतल्या आणि सभा, परिषदा, सत्याग्रह यांतील त्यांचा वाटा नोंदवला. त्यानंतर उमा चक्रवर्ती यांनी १९९३ मध्ये ब्राह्मणी पितृसत्तेची संकल्पना मांडली. शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये दलित स्त्रियांच्या दृष्टिकोनातून स्त्रीवादाची फेरमांडणी केली आणि २०१३ मध्ये आंबेडकरांचे लेखन स्त्रीवादी ग्रंथ म्हणून वाचले.

इतिहासाच्या अभ्यासक्रमात जातीला एक प्रकरण आणि स्त्रियांना दुसरे देणे म्हणजे १९१६पूर्वीच्या फारकतीकडे परतणे होय. विवाहाचे नियम, वारसा, श्रम आणि चळवळ या प्रत्येक विषयात दोन्ही प्रश्न एकत्र विचारणे, हाच या परंपरेतून निघणारा अभ्यासक्रम आहे.