यात्रेवरचा निबंध

चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जोतिबाची यात्रा भरते. सासनकाठ्या येतात, वाटा गुलालाने माखतात. यात्रेत बांगड्यांचे दुकान लावणाऱ्या एका पालकांनी मला विचारले, “मौलाना, शाळेत यात्रेवर निबंध लिहायला सांगितला आहे. मुलाने वही कोरीच ठेवली. लिहिले तर ईमानाला बाधा येईल का?”

मी म्हणालो, पाहिलेल्या गोष्टीचे वर्णन ही उपासना नव्हे, लिहू द्या. पूजेत सामील होणे निराळे. ती मर्यादा घरीच समजवावी.

उत्तर अपुरे होते. मुलाने आपली अडचण गुरुजींना का सांगितली नाही? गुरुजींच्या मनात दुजाभाव नव्हता. सर्वांना एकच विषय देणे हाच त्यांना न्याय वाटला. पण समान वागवणे आणि प्रत्येकाला ओळखणे एकच आहे का?

एका खेडूत अरबाने मशिदीतच लघवी केली. लोक धावले, प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना थांबवले, त्याचे उरकू दिले, जागेवर पाणी ओतायला सांगितले आणि मग मशीद कशासाठी असते हे त्याला शांतपणे समजावले. पावित्र्याचा नियम तसूभर ढळला नाही. तो माणूस कोठून आला आहे, याचे मात्र भान राखले गेले.

आपल्या कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभारली. १९०६ मध्ये मुस्लिमांच्या शिक्षणासाठी संस्था निघाली, तिचे अध्यक्षपद स्वतः स्वीकारले. त्याच राजाने १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुले सर्वांच्या शाळेत बसवली. मुलाला आपले घर असावे आणि वर्ग मात्र सर्वांचा असावा, असा या दोन निर्णयांचा मेळ मला दिसतो.

गुरुजींना बोल लावण्यापूर्वी माझेही सांगतो. प्रत्येक प्रेषित आपल्या लोकांच्या भाषेत बोलत आला, असे कुरआन सांगतो. तरीही मराठी विषयाचा पदवीधर असलेला मी, मकतबात घरी मराठी बोलणाऱ्या एका मुलाच्या उर्दू उच्चारांना सर्वांदेखत हसलो. पुढे कित्येक दिवस त्याने मोठ्याने वाचले नाही. त्याची माफी मागायला मला उशीर झाला.

ते पालक नंतर गुरुजींना भेटले. गुरुजींनी मुलाला जवळ घेऊन विचारले, “यात्रेत तू काय पाहिलेस?” मुलाने दोन पाने लिहिली: अब्बांचे दुकान, उन्हाने तापलेली ताडपत्री, आणि माहेरवाशिणींच्या हातात बांगडी न फोडता चढवण्याची अब्बांची हातोटी.